कासवाचं तोंड

समुद्राच्या तळाशी गेल्यावर माणसाचा अहंकार गळून पडतो. माझा त्याआधीच, कमरेएवढ्या पाण्यात गळून पडला, आणि तोही बायकोसमोर.

कासव बघायची हौस तिची. उमरखेडजवळ तिच्या माहेरच्या शेतात विहीर आहे. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आमच्या भागात विहिरीत कासव सोडतात, तसं त्या विहिरीतही होतं. पोरं धडाधड उड्या मारत आणि पोरींनी काठावर उभं राहून पाणी शेंदायचं. त्यामुळे तिला कासव दिसलं ते नेहमी वरून. एक काळपट पाठ, बादली आपटली की खाली जाणारी. निवृत्तीनंतर एकदा टीव्हीवर समुद्रातलं कासव थेट समोरून पोहत येताना दिसलं. तिच्या हातातली तुरीच्या शेंगांची परात तशीच राहिली.

"जलमभर पाठच पाह्यली मी याची," ती म्हणाली. "एकदा तोंड पाहाचं आहे मले."

लेकीने लक्षद्वीपची तिकिटं काढून दिली. ही बातमी पुसदच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात पोचली आणि आमचा सत्कार ठरला. जाण्याआधीच, कारण परत येईपर्यंत लग्नसराई लागणार होती आणि अध्यक्षांना सवड नव्हती. फ्लेक्सवर आम्हा दोघांचे फोटो, मागे लाटा. अध्यक्ष अथांग सागरावर बराच वेळ बोलले. शाल दिली, नारळही दिला. तो मी पिशवीतच विसरलो आणि आमच्याबरोबर लक्षद्वीपला आला. तिथे उतरल्यावर बायकोने एकदा वर नारळाच्या झाडांकडे पाहिलं, एकदा पिशवीत.

डायव्हिंगचा प्रशिक्षक त्याच बेटावरचा तरुण होता, हिंदी मोडकी पण आवाज मायाळू. रबरी पोशाख चढवायला नऊवारीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्याने आम्हाला कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवलं, पाठीवरच्या हवेच्या टाकीची नळी तोंडात दिली आणि नियम सांगितला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण श्वास रोखायचा नाही.

इथेच घोटाळा झाला. माझं सगळं पोहणं माझ्या गावच्या, फुलसावंगीच्या विहिरीत झालेलं. तिथे इज्जत श्वास रोखण्यात होती. बुडी मारायची, तळाचा चिखल मुठीत धरायचा आणि वर येऊन सगळ्यांना दाखवायचा. जो उशिरा वर येई तो मोठा. डोकं पाण्याखाली गेलं की माझी छाती आजही आपोआप कुलूप लावते.

प्रशिक्षकाने मला वर ओढलं. "अंकल, बुलबुले नहीं आ रहे. साँस लो."

पुन्हा खाली, पुन्हा कुलूप. खाली बसून चिखल मुठीत घ्यायचा तेवढा बाकी होता. शेजारी बायको, जी गुडघ्यावरच्या पाण्यात कधी गेली नव्हती, ओसरीवर बसल्यासारखी श्वास घेत होती. तिचे बुडबुडे कढीला उकळी फुटावी तसे येत होते.

शेवटी प्रशिक्षक म्हणाला, "आंटी को ले जाता हूँ. अंकल यहीं बैठेंगे."

"नाई," तिने नळी काढली. "हे नाई तर मी बी नाई."

"अगं, जा ना तू. तुले तोंड पाहाचं आहे ना?"

"एकटी कायले जाऊ? घरी जाऊन सांगू कोणाले?"

म्हणजे आता तिचं कासव माझ्या फुप्फुसांवर येऊन अडलं होतं. प्रशिक्षकाने घड्याळ पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, नीट, भाजी निवडताना पाहते तसं.

"अहो, तुमी घोरता ना?"

"काय संबंध?"

"रोज रात्री तोंड उघडं टाकून घेता ना श्वास? घरभर आयकू येते. बस, तसंच घोरा."

मी खाली गेलो आणि घोरलो. बुडबुड्यांचा लोट उठला. प्रशिक्षकाने दोन बोटं जुळवून ठीक असल्याची खूण केली. संसारात या गुणाचं कौतुक प्रथमच होत होतं.

मग आम्ही खरंच उतरलो. मला प्रशिक्षकाने धरलं होतं, तिला त्याच्या जोडीदाराने. प्रवाळाच्या खडकांवरून पिवळे मासे वरातीसारखे निघाले होते, कोणालाच घाई नव्हती. पाणी इतकं स्वच्छ की आपण पाण्यात आहोत हे आठवावं लागे. मी घोरत होतो. अथांगपणाचं म्हणाल तर फुलसावंगीची विहीर याहून खोल आहे.

खडक संपून पाणगवताचं कुरण लागलं आणि खाली कासव दिसलं. पुन्हा वरून, पुन्हा पाठच. बायको थबकलेली मला कळली. जोडीदाराने तिला लांबून वळसा घालून खाली नेलं आणि वाळूवर, कासवाच्या समोर, गुडघ्यांवर बसवलं. मागोमाग प्रशिक्षकाने मला तिच्या शेजारी बसवलं. कासवाने मान उचलली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिने माझा हात शोधला आणि घट्ट धरला. आमच्या लग्नातही तिने तो इतका घट्ट धरला नव्हता.

होडीत आल्यावर मी विचारलं, "कसं होतं तोंड?"

"तुमच्या मोठ्या बहिणीसारखं," ती खुशीत म्हणाली. "जेवताना कोणी आलं का ते बी अशीच पाह्यते."

पुसदला परतल्यावर लग्नसराईतूनही अध्यक्षांनी सवड काढली. अनुभवकथन ठेवलं होतं. विराट निसर्गापुढे माणूस कसा नतमस्तक होतो यावर ते आधी स्वतःच बोलले, मग माईक बायकोला दिला. त्या महान जीवाने तुम्हाला समोर पाहून काय केलं, ते सांगा म्हणाले. 

"ते गवत खाऊन राह्यलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडं पाह्यलं, अन् परत खाऊन राह्यलं."