ताईचा ताप उतरला तेव्हा

ताईचा ताप उतरल्याचा दाजींचा फोन आला, तेव्हा मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते. त्या दिवशी मी पोटभर जेवले. पित्ताशयाचं ऑपरेशन, मग रक्तात पसरलेला संसर्ग, व्हेंटिलेटर... यातून ताई सुटली, असंच वाटलं.

सुनंदाताई लातूरकडून लग्न होऊन दिघीत आली आणि मागोमाग मलाही घेऊन आली. चाळिशी उलटल्यावर ती स्कूटर शिकली, मग लष्कराच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर गल्लीतल्या बायकांना शिकवू लागली. मला शिकवताना मागे बसायची, पण खांदा धरायची नाही. खांदा धरला की तू माझ्यावर भिस्त टाकशील, म्हणायची.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेले. ताईचे हात गार लागले. ताप उतरला ते बरं झालं ना, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी मला आणि दाजींना बाकावर बसवून समजावलं. या आजाराच्या झुंजीत, जंतूंशी लढणाऱ्या ताईच्या पांढऱ्या पेशीच मोठ्या संख्येने मेल्या होत्या. ताप आणण्याइतकंही बळ अंगात उरलं नव्हतं आणि फुप्फुसात नवा जंतू शिरला होता. अँटिबायोटिक जंतू मारतं, मेलेल्या पेशी परत आणत नाही.

या पेशी वाचवायचं औषध नाही का, दाजींनी विचारलं. संशोधन चालू आहे, त्या म्हणाल्या. पेशींना मरू न देणारी, उरलेल्यांना जागं करणारी औषधं काही रुग्णांवर तपासली जातायत, पण खात्रीने द्यावं असं अजून हाती काही नाही.

"मग आमच्यावर तपासा. सही घ्या माझी."

"इथे तशी चाचणी चालू नाही हो, दादा. असती तर मीच तुम्हाला विचारलं असतं."

त्यानंतर रोज सकाळी आम्ही त्या पेशींच्या आकड्याची वाट बघायचो. एकदा तो जरासा वाढला. दाजींनी सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरला... आणि त्याच आठवड्यात ताई गेली.

चाकणच्या रस्त्यावरच्या कंटेनरांची तिला फार धास्ती. कामावर पोचलं की तिला मिस्ड कॉल द्यायचा, हा तिने मला लावलेला नियम. ती गेल्यावर तो आपोआप बंद पडला. परवा गेटापाशी गाडी लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'ताई'. मला तो उचलवेना. शेवटी उचलला, तर पलीकडे दाजी.

"पोचलीस का गं?" ते म्हणाले. "तिचा फोन घेऊन बसलोय रोज. तुझा मिस्ड कॉलच येत नाही."