गव्हात कालवलेली ज्वारी

आमच्या घरात स्वयंपाकाला लागण्याआधी आई डब्यातून मूठभर धान्य काढते आणि ओट्याखालच्या मडक्यात टाकते. गॅस आला, मिक्सर आला, तरी ही मूठ सुटली नाही. रविवारी ते धान्य चर्चमध्ये जातं. मंडळीतली बहुतेक घरं आता पैशांचं पाकीट देतात, पण आईसारख्या काही हट्टी बायका अजून पिशव्या आणतात. जमलेलं धान्य कुणाकडे पोचवायचं हे आई बघते. गावात ज्याची चूल थंड असेल त्याच्याकडे ते जातं, मग त्याचा देव कोणता का असेना.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या म्हातारीची चूल थंड पडली. तिचा लेक आणि सून दिवाळीनंतर देवळाली प्रवरेकडे ऊस तोडायला जातात आणि ती एकटीच मागे राहते. त्या वर्षी बाजरी हाती लागली नव्हती. त्यात रेशनच्या मशीनवर तिचा झिजलेला अंगठा उमटेना. लेकाला मात्र ती मोबाईलवर सांगायची, "समदं हाय घरात, तू घोर करू नगं."

आईने पिशवी नेऊन दिली. म्हातारीने ती तशीच आणून आमच्या ओट्यावर ठेवली.

"आमी आजून भीक घेत न्हाई," एवढंच बोलून ती गेली.

माझं डोकंच फिरलं. पोटात अन्न नाही आणि ताठा बघा! "राहू दे मग उपाशी," मी म्हणाले.

"तिच्याकडे आता तेवढा ताठाच उरलाय," आई म्हणाली. "तो काढून घेऊन भाकरी दिली, तर ती दया कसली?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून शिकवून परत आले, तर आई जमिनीवर बसून बाजरी आणि ज्वारी दोन्ही हातांनी एकत्र कालवत होती.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"निवडायला माणूस लागेल ना आता."

मला हसू आवरेना. "चाळणीत घातली की बाजरी खाली पडेल. निवडायचं काय त्यात?"

आई विचारात पडली. मग तिने बाजरी चाळून काढली आणि ज्वारीत गहू ओतला.

पिशवी घेऊन ती शेजारी गेली, मीही मागोमाग. "मंडळीतल्या बायकांनी बघ काय करून ठेवलंय," आई कपाळाला हात लावून सांगत होती. "मला मेलीला दिसत नाही. तेवढं निवडून देतेस? मजुरी धान्यातच घे." आयुष्यभर संडे स्कूलच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी ही बाई! मी तोंडाला पदर लावून उभी राहिले.

म्हातारीने पिशवीत हात घातला, धान्य बोटांतून सोडलं आणि आईकडे जरा वेळ बघितलं. "ठेव," ती म्हणाली.

मग दर रविवारनंतर पिशवी जाऊ लागली. म्हातारी उन्हात सूप घेऊन बसायची आणि संध्याकाळी तिच्या पत्र्यावरून धूर निघायचा. तो दिसला की आईला बरं वाटायचं. मला मात्र धास्ती असायची. म्हातारीला कळलं तर सगळं धान्य पुन्हा ओट्यावर येईल आणि या खेपेला दुसरी युक्ती सुचायची नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास साखर कारखाना बंद झाला आणि लेक-सून परत आले. दुसऱ्याच दिवशी म्हातारी आली. तिने रिकामी पिशवी घडी करून दिली आणि कमरेची एक पुरचुंडी सोडून आईपुढे ठेवली. आत ज्वारी होती, स्वच्छ निवडलेली.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"माजी मूठ. भाकरी थापायच्या आदी रोज काढत हुते, तुज्यावानी."

आईने पुरचुंडी ओंजळीत घेतली. "कुणाला देऊ ही?" आईने विचारलं.

"माज्यासारकी आसंलच की कुनीतरी," म्हातारी उठता उठता म्हणाली. "पर बाई, तिला देताना गहू कालवू नगंस. डोळं लई दुकत्यात."