दोन बॅटऱ्या आणि एक लिंबू

आमच्या नात्यागोत्यात माझ्या व्हॅनला 'ढकलगाडी' म्हणतात. म्हणजे, म्हणत होते. गाडी जुनी, पण तिच्यातलं गाणं नवं. उद्यमबागेतल्या कारखान्यात पगार सुरू झाला तेव्हा मी सोनं घेतलं नाही, अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा सबवूफर घेतला. वडगावात आमचे माग आहेत. जन्मापासून खटखट ऐकलेल्या कानांना ठेका जरा जाडच लागतो. घरात लग्न असलं की व्हॅन हॉलसमोर लावायची, डिकी उघडायची आणि बायकांनी नाचायचं, हे ठरूनच गेलं होतं.

पंचाईत एकच होती. इंजिन बंद ठेवून गाणी वाजवली की बॅटरी बसायची आणि गाडी सुरू व्हायची नाही. म्हणून मी मागे दुसरी बॅटरी टाकली. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "दोन्ही एकत्र जोड. एकत्र ऱ्हायलं की ताकद ऱ्हातीया." चार भावांचं घर त्यांनी आयुष्यभर एका चुलीवर ठेवलंय, त्यांच्याशी कोण वाद घालणार? मी दोन्ही बॅटऱ्या थेट जोडून टाकल्या.

चुलतबहिणीच्या पाठवणीला त्या दोन्ही बॅटऱ्या एकत्रच बसल्या. नवरी आत, चाकाखाली लिंबू, आणि किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. आमच्याकडे नवरीची गाडी लिंबू चिरडून निघायला पाहिजे. मागून धक्का मारला तेव्हा ते लिंबूही चाकाखालून सटकलं आणि गटाराच्या कडेला सुखरूप जाऊन थांबलं. धाकट्या काकांनी ते उचललं, शर्टाला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "घे गं, सरबत कर." सगळं वऱ्हाड हसलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरातला सगळा राग एकटीच्या वाट्याला आल्यासारखी मी महिनाभर काकांशी बोलले नाही.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, निपाणीच्या मुलाशी. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आक्का, मी जाणार तर तुझ्याच गाडीतनं. पण ढकलाय लागली तर उतरून चालत जाईन, आत्ताच सांगते." ती बोलते ते करते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा मी आयसोलेटर आणला. मुठीएवढी डबी, दोन बॅटऱ्यांच्या मधे बसते. इंजिन चालू असलं की दोघींना जोडते, दोघीही भरतात. इंजिन बंद झालं की ताटातूट. मग गाण्यानं मागचीला कितीही खाल्लं तरी पुढची इंजिन उठवायला शाबूत. अ‍ॅम्प्लिफायरची वायर मी मागच्या बॅटरीवर घेतली, फ्यूज घातले. आप्पा स्टुलावर बसून बघत होते.

"म्हंजे चूल वेगळी केलीस म्हण की."

"चूल वेगळी, आप्पा. कमाई एकच."

त्यांना ते रुचलं नाही. उठून आत गेले.

लग्नाच्या दुपारी शेवटची पंगत उठली तरी बायका नाचायच्या थांबेनात. मीही गाणं बंद केलं नाही, मलाच खुमखुमी होती. अखेर बहीण रडत रडत मागच्या सीटवर येऊन बसली, चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं, आणि नेमकं तेव्हाच गाणं घरघरलं आणि बंद पडलं.

आप्पांचा चेहरा उतरला. काकांनी बाह्या सरसावल्या. "चला रं, या चौघं," म्हणत ते मागे जाऊन हात टेकून उभेसुद्धा राहिले. बहिणीनं रडणं थांबवलं आणि दाराच्या कडीला हात घातला.

"बस गं," मी म्हटलं. "मागची संपलीया. पुढची हाय."

एवढं म्हणून मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, व्हॅन काकांच्या तळहातांखालून निघाली आणि लिंबू फचकन फुटलं. काका तोंडावर पडता पडता वाचले. जरा वेळानं डबीतून 'टक' आवाज आला, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या गेल्या आणि गाणं मधूनच कुठून तरी परत सुरू झालं. बहीण रडता रडता हसायला लागली. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न दाबूनच धरला. पाठवणीला असा हॉर्न कोणी वाजवत नाही.

हॉलच्या फाटकाशी गाडी थांबवली. आप्पांनी खिडकीतून हात घालून बहिणीच्या डोक्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "डबी बरी हाय तुझी."

तेवढ्यात काका धापा टाकत आले. चोथा झालेलं लिंबू त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"ह्याचं सरबत व्हायचं न्हाय गं."

"न्हाय व्हायचं, काका," मी म्हटलं आणि निपाणीच्या रस्त्याला लागले.