धापा टाकणारा दिवा

सरकारनं फुकट दिलेली कुठलीही वस्तू मी आयुष्यात घेतली नाही, असं मी लोकांना पुष्कळ वर्षं ऐकवत आलो. ते खरंच आहे. पण सरकारला मी एकदा एक गोष्ट फुकट दिली, हे मात्र कुणापाशी बोललो नाही. आता लिहून टाकतो. त्यानं कुणाचं भलं होईल असं नाही, ज्यांचं नुकसान व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं आहे.

कोळवणच्या खोऱ्यात माझी भाताची गिरणी होती. पुण्याहून एक जुनं ऑइल इंजिन मी आणलं होतं. पौडपर्यंत ट्रकनं आणि पुढे बैलगाडीनं. ओढ्यात गाडी रुतली तेव्हा सोळा माणसं खांदा द्यायला लागली होती. इंजिनाचं धुरांडं छपरातून वर काढून त्यावर मी एक डबा अडकवला होता. त्यातून निघणारा ‘पुक पुक’ आवाज खोरंभर ऐकू जाई. सकाळी इंजिन सुरू झालं की बायका चुलीवर भाकरीचा तवा टाकत आणि संध्याकाळी थांबलं की गुरं घराकडे वळत. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता. हँडल मी मारायचं, क्रूड तेल मी आणायचं, बिघडलं तर हात काळे मी करायचे. ज्या ताकदीचं हँडल माणसाच्या स्वतःच्या हातात असतं तीच त्याची, बाकी सगळी उसनी, हे माझं ठाम मत होतं.

मतं मला पुष्कळ होती. पुण्याचं वर्तमानपत्र एसटीनं एक दिवस शिळं होऊन यायचं. ते मी गिरणीत मोठ्यानं वाचायचो आणि वाचण्यापेक्षा जास्त बोलायचो. भात भरडायला आलेली माणसं पोत्यांवर बसून ऐकायची, कारण दुसरीकडे जायला त्यांना जागा नव्हती. सामुदायिक शेतीची भाषा निघाली तेव्हा मी म्हणालो, बांध मोडला की माणूस मोडतो. पंचवार्षिक योजनेवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या गिरणीत माझ्या इंजिनावर माझ्याच गाववाल्यांचं भात भरडायला मला दरसाल तालुक्याच्या साहेबाकडून परवाना घ्यावा लागायचा. एवढं एक उदाहरण मला जन्मभर पुरलं असतं.

आणि विजेचं तर विचारूच नका. डोंगरापलीकडे मुळशीचं धरण. माझ्या आईचं माहेर त्या पाण्याखाली गेलेलं. ते पाणी बोगद्यातून खाली कोकणात उतरतं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. धरणाच्या काठावरच्या घरांत मात्र रॉकेलची चिमणी. लोक धरण बांधणाऱ्यांना शिव्या घालत. मी त्यांच्यात नव्हतो. धरणवाल्या कंपनीनं काय हवं आणि कुणासाठी हवं ते तोंडावर सांगितलं आणि घेतलं. दुष्टपणा असेल, पण त्यात लबाडी नव्हती. माझा राग होता नंतर आलेल्या सरकारी लोकांवर. हे येताना हार घालून येत, काही मागत नसत, नुसतं देतो म्हणत. वीज सरकारची झाली की अंधारही सरकारचा होईल, मग तक्रार कुणाकडे कराल, असं मी विचारायचो. त्यावर पोत्यावरचे लोक मान हलवत.

या मान हलवणाऱ्यांत एकच माणूस मनापासून ऐकायचा, आमच्या भावकीतले एक काका. साठीला टेकलेले, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या विहिरीवर मोट होती आणि त्या मोटेवर वीस-पंचवीस गुंठ्यांत कांदा, वांगी, थोडा गहू. कोळवणात पावसाळ्यात भात सगळेच पिकवतात. चैत्रात हिरवं रान फक्त काकांचं असायचं. लिहिता-वाचता येत नसल्यानं ते वर्तमानपत्रावर विश्वास ठेवत नसत, माझ्यावर ठेवत. वाचून झालं की एकच प्रश्न विचारत, “ते कागदाचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतंय?” मी सांगेन ते ते घरी नेत. गावात कुणी सरकारची बाजू घेतली तर माझी वाक्यं त्याच्या तोंडावर मारत. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळणं यासारखी नशा नाही, मी ती पुरेपूर केली.

नवं राज्य झालं आणि त्यानंतरची पहिली निवडणूक आली. त्याच्या आधी दोनेक महिने आमच्या गावात विजेचे सात खांब उभे राहिले. शाळेपासून चावडीपर्यंत, तारांसकट. चावडीच्या पुढे एकही खांब नव्हता. पौडच्या बाजूनं येणारी लाइन अजून कुठेतरी डोंगराआड, कागदावर. मी गिरणीत त्या सात खांबांची यथेच्छ चेष्टा केली. काका हसून म्हणाले, “दावं हाय, पर गाय न्हाई.”

मग एके दुपारी जीप आली. तालुक्याचे साहेब आणि आमच्या भागातले पुढारी, दोघंही गिरणीत आले. पुढाऱ्यांनी माझ्या इंजिनावर हात फिरवला. म्हणाले, “झ्याक ठेवलंय. तुमच्यासारखी मान्सं पायजेत.” मग साहेबांनी मुद्दा काढला. येत्या मंगळवारी विजेचं उद्घाटन आहे, पाहुणे वरून येणार, तारीख बदलता येत नाही, आणि लाइनचं काम जरासं राहिलं आहे. मांडववाल्याचा एक डायनामो आणू. तुमच्या इंजिनाचा पट्टा भात भरडायच्या हलरवरून काढून डायनामोवर चढवायचा. गिरणीतून शेवटच्या खांबापर्यंत वायर जमिनीतून टाकू, पौडची लाइनही तशीच आली म्हणून सांगू. गिरणी तर रोजच चालू असते, कुणाला शंका येणार नाही.

मी म्हणालो, हे खोटं आहे.

साहेब म्हणाले, “खोटं कसं? वीज येणारच आहे. चार महिने आधी दाखवायची, एवढंच.” मग सहज आठवल्यासारखं विचारलं, “तुमच्या परवान्याची मुदत मार्चमध्ये संपते, नाही का?”

इथे मी थांबलो तर माझी सुटका होईल. परवान्यासाठी केलं, पोटासाठी केलं, असं म्हणता येईल. पण खरं ते लिहायला बसलो आहे. परवान्याची भीती मला वाटली, पण नाही म्हणायचं बळही तेव्हा अंगात होतं. ते गेलं पुढाऱ्यांच्या पुढच्या वाक्यानं. “आन् तुमी स्टेजवर आमच्या शेजारी बसायचं. तुमी बसलात की खोरं गप होतंय. तुमच्या शब्दाला हितं किती वजन हाय ते आमी जाणतो.” ज्यांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या त्यांना माझं वजन माहीत होतं, हे ऐकून मी फुगलो. लाज वाटते लिहायला, पण मी फुगलो.

मंगळवारी दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात आठ गावचे लोक जमले. आज भात जास्त आलंय असं सांगून गिरणीतलं इंजिन संध्याकाळी थांबवलं नव्हतं, ते पुकपुकत होतं. आत कडी लावून मांडववाल्याचा माणूस डायनामोपाशी बसला होता. मी स्टेजवर, गळ्यात झेंडूचा हार. पाहुण्यांनी भाषण केलं, बटण दाबलं आणि खांबावरचा दिवा लागला. बायकांनी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. मला वाटलं, यात वाईट काय? माणसं खूश आहेत.

दिवा लागला होता, पण स्थिर नव्हता. एका सिलिंडरचं इंजिन ते, प्रत्येक ठोक्याला वेग किंचित वर-खाली होतो, आणि त्याच तालावर उजेड कमी-जास्त होत होता. मला ते ताबडतोब दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही, कारण बाकी कुणी आयुष्यात विजेचा दिवा नीट पाहिला नव्हता. काकांनीही पाहिला नव्हता, पण ते बघत राहिले. भाषणं संपल्यावर गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आले आणि मान वर करून मला म्हणाले, “ह्यो दिवा धापा का टाकतोय रं?”

साहेब माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, “नवी वीज हाय काका. लांबनं येती, दमती. बसंल हळूहळू.”

आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, “म्हंजी खरी हाय? ते समदं ऱ्हाऊ दे. तू सांग.”

“व्हय,” मी म्हणालो. “खरी हाय.”

“मग झालं,” म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी डायनामो जीपमधून गेला. लोकांना सांगितलं की लाइनवर दुरुस्ती चालू आहे. आठवड्यानं साहेब बदलून गेले, महिन्यानं निवडणूक झाली, पुढारी निवडून आले. माझा परवाना घरपोच आला, तसा तो आधी कधीच आला नव्हता. आणि काकांनी बैलजोडी विकली.

त्यांचा हिशेब सरळ होता. भातखाचरांच्या चिखलणीच्या पंधरा दिवसांना भावकीतल्या कुणाचेही बैल मिळतात, बदल्यात आवणीला, रोपं लावायला, हात द्यायचे. बारा महिने बैल पाळायचे ते मोटेसाठी. विजेचा पंप बसला की मोट कशाला? बैल गेले, पंप आला. मोटेची धाव, म्हणजे बैल जिच्यावरून खाली-वर चालतात ती उतरण, त्यांनी खणून सपाट केली आणि तिथे पंपासाठी दगडी ओटा बांधला. मला हौसेनं दाखवायला नेलं. ओट्यावर गोणपाटात गुंडाळलेला पंप होता. मी म्हणालो, “काका, जरा घाई केलीत.” ते म्हणाले, “सरकारनं सांगितलं आसतं तर दम धरला आसता. तू सांगितलंस.”

त्याच वेळी सांगायचं होतं. धाव पुन्हा भरता आली असती, बैल परत आणता आले असते. पण निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, बोभाटा झाला असता. पुढल्या साली परवान्याची मुदत आली. त्याच्या पुढल्या साली कुठल्या तोंडानं सांगू असं वाटलं. एक कारण संपलं की मला दुसरं मिळत गेलं.

चार महिन्यांची वीज पाच उन्हाळे आली नाही. पहिल्या उन्हाळ्यात काका आणि काकी विहिरीतून घागरी काढून कांद्याला घालत होते. दुसऱ्या उन्हाळ्यात कांदा लावलाच नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात काका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. ज्या सरकारचा पैसा नको म्हणून मी पोत्यावर बसून गर्जना करायचो, त्याच सरकारच्या खडीवर माझा एकुलता एक ऐकणारा उकिडवा बसला होता. संध्याकाळी हाताला चिंध्या बांधलेल्या अवस्थेत ते गिरणीत यायचे, माझं वर्तमानपत्र ऐकायचे आणि म्हणायचे, “तू सांगत व्हतास तेच खरं. समदे चोर हायेत. तूच काय तो एकटा खरं बोलतोस ह्या खोऱ्यात.” ते हे लोकांसमोर म्हणायचे. मी वर्तमानपत्राचं पान उलटायचो.

माझी मतं या काळात बदलली नाहीत, उलट आणखी कडवट झाली. आजही माझं म्हणणं आहे की लांबून येणाऱ्या ताकदीवर जगणारा माणूस लांबच्या माणसाचा मिंधा होतो. फक्त हे म्हणताना मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

अखेर लाइन आली. आणि गावात पहिला अर्ज कुणी केला असेल, तर मी. क्रूड महाग झालं होतं, इंजिन जुनं झालं होतं, अशी कारणं होतीच. हलरला मोटर बसली. इंजिन कोपऱ्यात सरकवून त्यावर गोणपाट टाकलं. हलरच्या वर एक दिवा टांगला. पहिल्याच दिवशी काका डोक्यावर भाताचं पोतं घेऊन आले. त्यांच्या पंपाचा गंज निघत नव्हता, पण चेहऱ्यावर आनंद होता. पोतं उतरवून ते दिव्याकडे बघत उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

“ह्यो धापा टाकत न्हाई,” ते म्हणाले.

मी मोटरचा खटका बंद केला. गिरणी एकदम शांत झाली. बाहेर आवाज नव्हता, आतही नव्हता. काका कोपऱ्यात गेले, गोणपाट उचललं आणि इंजिनाच्या चाकावर हात ठेवला.

“तवा हेच व्हतं न्हवं?”

“व्हय काका.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. शिवी दिली असती, हात उगारला असता. त्यांनी गोणपाट पुन्हा नीट टाकलं, चारही बाजूंनी खाली ओढलं.

“मी कुनालाबी इचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “तुला इचारलं व्हतं.”

पोतं त्यांनी पुन्हा डोक्यावर घेतलं. मी हात लावायला पुढे झालो तर खांदा वळवून घेतला. त्या दिवसापासून ते माझ्या गिरणीत आले नाहीत. भात भरडायला पौडच्या गिरणीत जायला लागले. बैल नव्हते, त्यामुळे पोतं डोक्यावर घेऊन चालत जायचे, माझ्या दारावरून.