उकळत्या पाण्याअगोदर

बाई पेशी मारायच्या. पोटापाण्याचा उद्योगच तो, त्याला त्या काय करणार. माणसाच्या पेशीत प्रथिनांचे बारीक तुकडे आपसूक तयार होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. ते कोणते आणि कशासाठी, हे शोधण्यात प्रयोगशाळेतल्या या बाईंचे केस पिकले. यात मेख एकच. पेशी वाढवायच्या बशीतून खरवडल्या की त्याच दमात उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे आतलं सगळं जागीच थांबतं. उशीर झाला की मरणाऱ्या पेशीतली कात्री, म्हणजे तिच्यातली कापणारी रसायनं, मोकाट सुटते, दिसेल ते प्रथिन कापते. मग जिवंतपणीचे तुकडे कुठले नि मेल्यावरचा कचरा कुठला, कुणाच्या बापाला कळायचं नाही.

बाईंचा थोरला भाऊ नसांच्या आजाराने गेला. आधी हातपाय गेले, मग बोलणं, मग तो. बोलता येत होतं तेव्हाच त्याने कातडीचा तुकडा काढून दिला होता. "तुझ्या कामाला येईल," म्हणाला. दादा गेला, त्याच्या पेशी मात्र उबेच्या कपाटात वाढत राहिल्या. बाई कपाट उघडत, दमट ऊब तोंडावर येई आणि अंगावर काटा उभा राही. शेवटी शेवटी दादाच्या तोंडाशी कान नेला की अश्शीच ऊब लागायची. बशीत खाद्य घालताना त्या हळूच म्हणत, "झालं हं, दादा." मोठ्याने म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

त्या पेशींत एक पेप्टाइड सापडलं. परक्या कुणाच्याच पेशींत ते नव्हतं. आजाराची खूण हीच, बाईंना वाटलं. वहिनीच्या कानावर गेलं तशी ती म्हणाली, "वन्सं, आमच्या पोरीचंही बघाल का?"

भाची नुकती नोकरीला लागलेली, हसरी पोर. बाईंनी तिच्या पेशी वाढवल्या, तपासल्या. तोच तुकडा तिच्यातही होता. दादाने पोरीला हे दिलं? वहिनीचा फोन आला की बाई म्हणत, "अजून चाललंय." कपाट उघडायची आता त्यांना भीतीच वाटू लागली. दादा आत बसून वाट बघतोय, असं वाटायचं.

त्यात बाईंना ताप आला. भाचीच्या पेशींचं काम शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेलं. त्याला सगळे घाईवाले म्हणत. चहासुद्धा उभ्याने संपवणारा माणूस. त्याला तो तुकडा सापडलाच नाही.

"वाट लावलीत ना?" बरं होऊन आल्यावर बाई खवळल्या.

"मग तुम्ही करा, मी बघतो," घाईवाले म्हणाले.

बाईंनी भाचीच्या पेशी खरवडल्या. पाणी उकळत होतं.

"बाई, तुम्ही थांबलात," घाईवाले म्हणाले. "परक्या पेशींना कधी थांबत नाही. घरच्यांवर ओतायचं म्हटलं की तुमचा हात अडतो. तेवढ्यात कात्री आपलं काम उरकते."

बाईंनी पाण्याखालची आच बंद केली. ज्याला त्या खूण समजल्या, तो त्यांच्याच मायेने केलेला कचरा होता.

पण खात्री तर दादाच्या पेशींवरच करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी बशी काढली. काही पुटपुटल्या नाहीत. खरवडलं आणि ओतलं. हात भाजला, तरी थांबल्या नाहीत. यंत्राने काही दाखवलं नाही. तुकडा नव्हता.

त्यांनी वहिनीला फोन लावला. "पोरीत काही नाही. पुढचं कुणी सांगावं, पण आज तरी भिण्यासारखं काही नाही."

पलीकडे वहिनी हमसून रडली. मग तिने विचारलं, "आणि ह्यांच्यात तुम्हाला दिसलं होतं, ते काय होतं हो?"

"ते दादाचं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मला त्याला मारवत नव्हतं, वहिनी. आज मारलं."