एकट्या बाईला खोली

शिगेनोबाई कुवाबारा जपानात शाळेचे गणवेश शिवतात. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि गिऱ्हाइकं आली तरी मापापलीकडे बोलत नाहीत. म्हणून पन्नाशी उलटल्यावर बाई एका रात्रीसाठी एकट्याच गरम झऱ्यांच्या गावी निघाल्या.

दोन लॉजवाल्यांनी दारातूनच हात जोडले. एकटी बाई अशा गावी जीव द्यायलाच येते, अशी त्या धंद्यातली पक्की समजूत! तिसऱ्या लॉजच्या मालकिणीने, नात्सुएबाईंनी, खोली दिली; पण नजर काही हटवली नाही.

शिगेनोबाई कुंडात उतरल्या तर बाहेरून हाक, "ताई, आहात ना?"

"आहे हो, अजून शिजले नाही!"

खोलीत आल्यावर दर दहा मिनिटांनी दार सरकायचं. कधी चहा, कधी जादा रजई, कधी नुसतंच, "खिडकी नीट लागते ना?"

उलगडा झाला तेव्हा शिगेनोबाईंना हसूच फुटलं. सोमवारी चाळीस गणवेश द्यायचेत, परतीचं तिकीट पर्समध्ये आहे, एवढं सांगितलं असतं तर मालकीण निर्धास्त होऊन कामाला लागली असती. पण बाईंना तेच नको होतं. घरी आठ-आठ दिवस "जेवलात का?" म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

एवढ्यात नात्सुएबाई संत्री घेऊन आल्या. "ताई, मनात काही आहे का? बोला तरी!"

शिगेनोबाईंनी मान खाली घातली आणि चांगला लांबलचक उसासा सोडला.

"अगं बाई! आता मी इथून हलत नाही," म्हणत मालकिणीने फतकल मारली आणि संत्रं सोलायला घेतलं.