खिडकीकडचा हात

ड्रायव्हरचा हात दुसऱ्यांदा परत आला तेव्हा काकूंनी तो पिशवीतून काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि उभ्याउभ्याच त्याच्याकडे बघत राहिल्या. बसल्या असत्या तर पुन्हा उठवलं नसतं.

हात चांगला होता. पेरांवर तांबूस झाक, मनगटाशी निळसर शिरा, अंगठ्याच्या बेचक्यात थोडा फिकटपणा. सिलिकॉनचा आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. सोबतच्या चिठ्ठीवर फिटिंगवाल्याने लिहिलं होतं, ‘पेशंट म्हणतो, हा माझा नाही.’

“मग काय माझा आहे?” काकू त्या हातालाच म्हणाल्या.

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात काकूंची खोली सगळ्यात शेवटची. पहिल्या खोलीत साचे निघायचे, दुसरीत सिलिकॉन ओतायचं, आणि पांढरे, फटफटीत हात काकूंकडे यायचे. काकूंच्या खोलीत एक खिडकी, एक लांब टेबल, धूर ओढणारा पंखा आणि दिवसभर गुरगुरणारा कॉम्प्रेसर. त्याच्या नळीला पेनाएवढा एअरब्रश. सगळे त्याला गन म्हणत. गनचा घोडा दाबला की रंग धुक्यासारखा बाहेर पडे. असे दहा-बारा धुक्याचे थर बसले की रबराला कातडीचा भास होई. एका हाताला दोन दिवस लागत. त्यातला निम्मा वेळ गन धुण्यात जाई. सुईच्या टोकाला कणभर रंग वाळला तर पुढच्या हाताच्या कपाळी डाग.

संध्याकाळी मॅनेजर दारात येऊन उभा राहिला. तो काकूंच्या मुलाच्या वयाचा, पण बोलायचा मोजून.

“मॅडम, हा तिसऱ्यांदा परत आला ना, तर पुढचे हात मी बाहेरून रंगवून घेणार. मशीनवर रंग जुळवून देतात आता. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट वाटायला सवड कुठाय,” काकू म्हणाल्या. “त्याला बोलवा. मला त्याच्याशी बोलायचंय.”

“बोलायचं काय त्यात? दुसरा हात समोर ठेवायचा, तसा हा करायचा.”

काकूंनी मान हलवली. मान हलवली की हल्ली मणक्यात कटकट वाजायचं.

गन त्यांच्या हाती आली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा त्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची छोटी मॉडेलं रंगवत. काड्यापेटीएवढ्या घरांना ऊन लागल्यासारख्या भिंती, बोटाएवढ्या झाडांना हिरवा धुरळा. वीस वर्षांत त्यांनी एक अख्खं शहर रंगवलं असेल, आणि त्यातल्या एकाही घरात त्या राहिल्या नाहीत. मग मॉडेलांची चित्रं कॉम्प्युटरवर निघायला लागली. ऑफिसने निरोपाच्या दिवशी त्यांना त्यांचीच गन खोक्यात घालून दिली.

तेव्हापासून त्या गनने काय काय केलं त्याला सुमार नव्हता. हेल्मेटांवर ज्वाळा काढल्या, बाहुल्यांचे गाल लाल केले, नवऱ्या मुलींची नखं रंगवली, नाटकवाल्यांच्या नव्या कोऱ्या कोटांवर जुनाट मळ चढवला. कोपऱ्यावरच्या बेकरीसाठी केकवर ढग उडवायचं काम तर अजूनही चालू होतं. त्यासाठी खायच्या रंगाची वेगळी गन, वेगळा डबा. कारखान्यातून सुटलं की तो डबा घेऊन त्या बेकरीत जात आणि तासभर आकाशं रंगवून घरी येत. नवरा म्हणायचा, “दिवसभर हात, संध्याकाळी आभाळ. मधलं माणूस कधी रंगवणार तुम्ही?”

त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला ड्रायव्हरच्या हाताचं सांगितलं. तो भाजी चिरत होता. रिटायर झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि मीठ नेहमी कमी असायचं.

“दुसऱ्यांदा केलात कशाला तसाच?” तो म्हणाला. “हात दाखवून अवलक्षण.”

“तसाच नाही केला. आणखी जवळ गेले. त्याचा डावा हात अर्धा तास समोर धरून बसले होते.”

“मग झालं तर. सोडून द्या हे. किती वर्षं पुरे म्हणायचं?”

“सोडलं की दिवसभर तुमचं तोंड बघायचं.”

“ते मात्र आहे,” नवरा म्हणाला आणि कांदा घेतला.

पण झोपताना त्यांना कळलं की त्यांना सोडायचं नव्हतं. थकवा होता, तो होताच. पाठ, मान, डोळे, सगळं एकेक करून राजीनामा देत होतं. तरी आपलं काम आपण थांबवणं वेगळं आणि चुकतंय म्हणून कुणी काढून घेणं वेगळं. शिवाय काय चुकतंय तेच कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय उठून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दोन दिवसांनी ड्रायव्हर आला. या वेळी बायकोला घेऊन. उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. बस डेपोत चाक बदलताना जॅक घसरला आणि उजवा हात मनगटाखाली गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. आता तो डेपोतच चौकशीच्या खिडकीत बसायचा. उजव्याच्या उरलेल्या थोटकावर त्याने सुती मोजा चढवला होता. काकूंनी तो काढायला लावला. आतली कातडी अंधारात कोंब फुटलेल्या बटाट्यासारखी पांढुरकी झाली होती.

काकूंनी रंगवलेला हात त्याच्या डाव्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही एकाच आईचे.

“काय चुकलंय ते सांगा. लाल जास्त आहे? पिवळा?”

“चुकलेलं काही नाही हो,” ड्रायव्हर ओशाळून म्हणाला. “घातला की वाटतं, दुसऱ्या कुणाचा तरी हात खांद्याला लटकलाय.”

“पण रंग तोच आहे.”

“तेच तर.”

बायको पुढे सरकली आणि तिने तो हात उचलून खालीवर करून पाहिला.

“हा साहेबाचा हात आहे,” ती म्हणाली. “डावा यांचा साहेबाचाच. उजवा कुठे असा होता? तो नुसता कोळसा. लाइट गेली की मी म्हणायचे, डावा दिसतोय तुमचा, उजवा कुठे ठेवलाय?”

ड्रायव्हर हसला. मग हसता हसता थांबला.

“खिडकी,” तो म्हणाला. “सत्तावीस वर्षं खिडकीवर कोपर आणि हात बाहेर पत्र्यावर. ऊन सगळं त्याच्यावर.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” काकू म्हणाल्या.

“मी कशाला हाताकडे बघतोय? मी रस्त्याकडे बघत होतो.”

काकू खुर्चीत बसल्या. अख्ख्या कारखान्यात एकालाही हे सुचलं नव्हतं. सगळे डाव्यावरून उजवा काढत होते, आणि त्यांनी तर तो इतका हुबेहूब काढला होता की चूक आणखी पक्की झाली होती.

“फोटो आहे?” त्यांनी विचारलं.

बायकोच्या मोबाइलमध्ये होता. बसच्या खिडकीतून बाहेर लोंबणारा काळाभोर हात, बोटांच्या फटी तेवढ्या उजळ, पेरांवर सुरकुत्यांची जाळी.

काकूंनी जुना रंग पुसून काढला. दोन दिवस त्या हातावर ऊन चढवत होत्या. आधी विटकरी, मग तपकिरी, मग हाताच्या पाठीवर आणखी एक गडद थर, फटींमध्ये मुद्दाम काही नाही. असं काम त्यांनी पूर्वी भिंतींना केलं होतं, पश्चिमेकडच्या. त्या दोन दिवसांत पाठीने चांगलंच छळलं.

हात बघून मॅनेजर कपाळाला हात लावून बसला.

“मॅडम, हे काय आहे? या हातांचा खर्च जी संस्था देते, ती देते दोन्ही हात शेजारी ठेवलेला फोटो बघून. जुळले नाहीत की रिजेक्ट. म्हणजे तिसऱ्यांदा परत.”

“त्याचा असाच होता.”

“असेल. फॉर्मवर ‘असाच होता’ असा रकाना नाहीये.”

काकूंनी वाद घातला नाही. वाद घालायला लागते ती ताकद दोन दिवसांत त्या काळ्या हातात गेली होती. त्या म्हणाल्या, “फोटो उद्या सकाळी काढा. मी जुळवून ठेवते.”

“पुन्हा पुसणार?”

“जुळवून ठेवते म्हटलं ना.”

सकाळी ड्रायव्हर नवा हात चढवून बसला होता. सिलिकॉनची बोटं टेबलाच्या कडेवरून लोंबवून तो त्या बोटांकडे बघत होता, आणि बायको त्याच्याकडे. काकूंनी दार लोटून घेतलं आणि पिशवीतून बेकरीचा डबा काढला.

“डावा द्या इकडे.”

“डाव्याला काय?”

“फोटोपुरता. चॉकलेटी आहे, खायचा रंग आहे, विषारी नाही.”

“खायचा?” बायको म्हणाली. “म्हणजे मी यांना चाटून खाऊ शकते.”

“एवढी वर्षं डोकं खाल्लंस, आता हात,” ड्रायव्हर म्हणाला.

काकूंनी गन धरली. जिवंत हाताला त्यांनी कधी असं रंगवलं नव्हतं. रबर स्वस्थ पडून राहतं. हा गार फवारा लागताच आखडला, केस उभे राहिले, मग हळूहळू सैल पडला. सिलिकॉनला तासन्‌तास लागायचे ते ऊन इथे वीस मिनिटांत चढलं. पेरांवर आपोआप सुरकुत्या होत्या, त्या काढाव्या लागल्या नाहीत. काकूंना वाटलं, फारच सोपं काम आहे हे.

मॅनेजरने फोटो काढला. मोबाइल जवळ नेऊन, लांब नेऊन पाहिला. मग खऱ्या हातांकडे पाहिलं, मग खोलीतल्या चॉकलेटच्या वासाकडे लक्ष गेल्यासारखं नाक वर केलं. काकू सुई धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“जुळतात,” मॅनेजर शेवटी म्हणाला आणि फॉर्मवर खूण केली. “पुढचे तीन हात दुपारी पाठवतो तुमच्याकडे.”

“उद्या पाठवा,” काकू म्हणाल्या. “दुपारी मी घरी जाणार आहे.”

तो गेल्यावर बायकोने पदराचं टोक ओलं करून नवऱ्याचा डावा हात घासून पाहिला. रंग ढिम्म हलला नाही.

“हे कधी उतरायचं हो?”

“पाच-सहा दिवस. साबणाने लवकर.”

“बघा, आता डेपोत काय सांगणार?”

ड्रायव्हर उठला. दोन्ही काळे हात त्याने खिशाशी नेले, मग तसेच बाहेर राहू दिले.

“सांगेन, सुट्टी घेतली होती,” तो म्हणाला. “दोन्ही खिडक्यांतून फिरलो.”